मांड हलत नाही

गोव्यात पाळोळ्याच्या किनाऱ्यावरचे दोन दिवस गोंगाटातच गेले. तिथल्या एका रिसॉर्टवर जेवताना माइक लावून, दिवे सोडून 'धालो' हा बायकांचा पौषातला गाण्या-नाचाचा विधी दाखवला, दहा मिनिटांत उरकला. मला राग आला, पण नेमका कशाचा ते सांगता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्यावर कोरलेले बैल पाहिले आणि फोंड्याच्या मैत्रिणीने मला केपे तालुक्यात वेळीप या आदिवासी समाजाच्या एका वाड्यावर नेलं. पौष लागला होता, रात्री धालो होते. ते जिच्या शब्दाने चालतात ती आजी पंचाहत्तरीची असेल. अंगणात पाऊल ठेवताच तिने तांब्या पुढे केला. "पयलीं उदक पी, बाय. मागीर उलय." आधी पाणी, मग बोलणं.

मी पाणी संपवेपर्यंत ती बघत राहिली. मग म्हणाली, "हेंच उदक तांबडें जाल्लें."

वरच्या डोंगरात लोहखनिज आहे आणि पावसाचं पाणीही त्याच थरांत मुरतं. खाणीचा खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की पंप लावून पाणी उपसतात. मग खालचा झर आटतो, कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, सुकतात, पावसाळ्यात शेतात लाल गाळ उतरतो. आजी बायकांना घेऊन ट्रकांसमोर रस्त्यावर बसली होती. जाण्याआधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, एवढं तिने दोनदा सांगितलं. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, पुढे त्या पुन्हा सुरू झाल्या, आणि 7 फेब्रुवारी 2018 ला न्यायालयाने खाणींच्या 88 लीज रद्द केल्या. आता लिलाव सुरू झालेत, म्हणून तिला झोप नाही.

देव्हाऱ्याशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते. गावडा, कुणबी, वेळीप 2003 साली अनुसूचित जमातींत आले, 2006 चा वनहक्क कायदा झाला, त्याखालचे जमिनीचे दावे. आजीला वाचता येत नाही. कुठला कागद कुठला ते ती घडीवरून ओळखते. त्या पिशवीपुढे मला माझं शिक्षण फार तोकडं वाटलं.

"आमकां म्हणाले, दुसरीकडे हॉल बांधून देतो, तिथे नाचा," ती मराठीत सांगू लागली आणि मध्येच थांबली. धालो जिथे होतात त्या शेणाने सारवलेल्या पवित्र जागेवर, मांडावर, हात ठेवून म्हणाली, "मांड हालना."

रिसॉर्टवर मला काय खुपलं होतं ते तेव्हा कळलं.

रात्री बायका समोरासमोर दोन ओळींत उभ्या राहिल्या, हातांत हात गुंफून, कमरेत वाकून पुढे-मागे. पहिलं नमन धरित्रीला. माइक नव्हता. मी मांडाबाहेर चटईवर बसले होते, नाचण्याचं गोड तिजण हातात निवून गेलं. इतकं मनापासूनचं आदरातिथ्य गोव्यात मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

पहाटे कळशी रिकामी झाली. आजीची नात ती घेऊन झरीकडे निघाली, तशी मागून हाक आली, "व्हाणो काड गो!" पोरीने चपला तिथेच बांधावर काढल्या आणि दवात अनवाणी चालू लागली.