बाईंनी फळ्यावर ठेवलेलं शून्य

८५, ९२, ९०, ८८, ९५. हे माझ्या मैत्रिणीचे सेकंद. ३०, १२०, ५०, १५०, १०० हे माझे. नववीत असताना खो-खोच्या पाच सराव सामन्यांत आम्ही दोघी बाद न होता किती वेळ पळालो, त्याची ही नोंद. बेरीज दोघींचीही ४५०, सरासरी ९०. पहिल्या तुकडीत कोणाला उतरवायचं यावरून वर्गात एवढा गलका झाला, की गणिताच्या बाईंनी त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला आणि दोन्ही ओळी फळ्यावर लिहिल्या.

“सरासरीपासून प्रत्येक आकडा किती लांब आहे ते काढा.”

काढलं. मैत्रिणीचं उणे ५, अधिक २, शून्य, उणे २, अधिक ५. बेरीज शून्य. माझं उणे ६०, अधिक ३०, उणे ४०, अधिक ६०, अधिक १०. पुन्हा शून्यच. कुठेतरी वजाबाकी चुकली असं वाटून सगळ्यांनी परत केली. बाई काहीच बोलल्या नाहीत. घंटा झाली, तरी ते शून्य त्यांनी पुसलं नाही. त्या रात्री मी जेवतानासुद्धा त्याचाच विचार करत होते. इतकी अस्थिर पळणारी मी, आणि माझ्या नावापुढे शून्य कसं?

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, चिन्हं सोडून दिली तर?” बाईंचा चेहरा उजळला. चिन्हं सोडून फरकांची सरासरी काढली तर मैत्रिणीचं येतं २.८ आणि माझं ४०. याला सरासरी विचलन म्हणतात, आणि ते अगदी बरोबर आहे, असं त्यांनी सांगितलं. मग दुसरी वाट दाखवली. प्रत्येक फरकाचा वर्ग करा. उणे आपोआप जातं, आणि लांब गेलेला आकडा जास्त जोराने बोलतो. माझ्या वर्गांची बेरीज ९८००, पाचाने भागून १९६०. “कसले १९६०?” बाईंनी विचारलं. वर्ग-सेकंद! तसं कुणी पळत नाही, म्हणून वर्गमूळ काढून परत सेकंदांत यायचं. माझं प्रमाण विचलन ४४.२७, मैत्रिणीचं ३.४१. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १८९४ साली छापील लेखात वापरलेली ही संज्ञा आमच्या वर्गात अशी मैदानावरून आली. पहिल्या तुकडीत अर्थातच मैत्रीण गेली.

कॉलेजात कॅल्क्युलेटर हाती आला तेव्हा त्यावर प्रमाण विचलनाच्या दोन कळा निघाल्या. मैत्रिणीचेच आकडे घातले; एक कळ ३.४१ दाखवी, दुसरी ३.८१. मी बाईंना पत्र लिहिलं. पोस्टकार्डावर उत्तर आलं: ते पाच सामने हेच आपलं सगळं जग होतं, म्हणून पाचाने भागलं. पण पाचांवरून तिच्या सगळ्याच खेळाचा अंदाज बांधायचा असेल तर चाराने भाग. कारण खरी सरासरी आपल्याला ठाऊक नसते. हाती असलेल्या पाचांचीच सरासरी घेतो, आणि आकडे तिच्याजवळच गोळा झालेले असतात. त्यामुळे पसारा आहे त्याहून कमी दिसतो.

आज मी औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. २० गोळ्या उचलायच्या, एकेक तोलायची. २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जड साध्या गोळीला सरासरीच्या ५ टक्के इकडेतिकडे मुभा. वीसांपैकी फार तर दोन त्या बाहेर चालतात, १० टक्क्यांच्या बाहेर मात्र एकही नाही. सरासरी वजन चोख असलेला माल मी परत पाठवलेला आहे. रोगी एका वेळी एक गोळी गिळतो. त्याच्या पोटात सरासरी जात नाही.

गेल्या दिवाळीत बाईंना भेटायला गेले होते. आता त्यांना कमी दिसतं. कामाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “विचलन काढताना वीसाने भागतेस की एकोणिसाने?”

“एकोणिसाने, बाई.”

“बस, चहा टाकते.”