जुनं पिनबॉल घेताना आणि जुळवताना

पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी बॉल उडवत खेळायचं यंत्र. सौद्याआधी विकणाऱ्याला मागच्या उभ्या पेटीचं कुलूप उघडायला लावा, आतले बोर्ड बघायचेत. किल्ली हरवली म्हणाले तर सरळ भाव पाडा. नव्वदच्या दशकातल्या विल्यम्स कंपनीच्या बहुतेक यंत्रांत सीपीयू बोर्डावर (यंत्राचा मेंदू असलेल्या सर्किटवर) तीन एए सेल असतात. ते गळले की क्षार तांब्याच्या रेषा खातो. डाग थोडेच असतील तर व्हिनेगर लावा, मग पाण्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, पूर्ण वाळवा. नवे सेल बोर्डापासून लांब, तार जोडलेल्या होल्डरमध्ये.

अमेरिकेतून आलेलं यंत्र 120 व्होल्टवर लावलेलं असतं. आतल्या ट्रान्सफॉर्मरचे जंपर (जोडतारा) बदलून 230 होतं का, मॅन्युअलमध्ये बघा. नाहीतर इंदूरच्या महाराणी रोडवर 1000 व्हीए क्षमतेचा स्टेप-डाउन (व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) मागा. अर्थिंग हवंच.

फ्लिपर (बॉल उडवणारा दांडा) मरगळला की लोक आधी कॉइल (त्याला ओढणारं विद्युतचुंबकी वेटोळं) बदलतात. उगाच खर्च! बहुधा झिजलेली स्लीव्ह (कॉइलच्या आतली नळी), टोकाला पसरलेला प्लंजर (नळीत सरकणारा लोखंडी दांडा) किंवा लिंकेज (दोघांना जोडणारा सांधा) कारण असतं. स्लीव्हमध्ये तेल घालू नका, धूळ चिकटून चिखल होतो.

फ्यूज उडतोय म्हणून मोठा लावणं तर वेडेपणाच: शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर कॉइल सतत ओढून धरतो आणि ती जळते.

खेळायच्या फळीचा उतार साधारण 6.5 अंश ठेवा. खरबरीत झालेला बॉल (27 मिमी, 80 ग्रॅम) लगेच बदला, तो फळीचा रंग सोलतो.