ग्लोव्हला छिद्र पडलं हे कळतच नाही

ऑपरेशननंतर काढलेल्या ग्लोव्हमध्ये पाणी भरून पाहिलं तर पुष्कळदा बोटाच्या टोकाशी बारीक धार निघते. घालणाऱ्याला पत्ताही नसतो. छिद्रं बहुतेक अशीच नकळत पडतात, म्हणून ‘फाटला की बदलू’ एवढ्यावर भागत नाही.

कारखान्यातली चाचणीही पाण्याचीच. १००० मिली पाणी भरून ग्लोव्ह टांगतात आणि २ मिनिटं गळती बघतात. पण ती फक्त नमुन्यांवर होते. सर्जिकल ग्लोव्हसाठी एक्यूएल (सदोष नगांची मान्य पातळी) १.५ धरतात, म्हणजे लॉटमध्ये शेकडा दीडच्या आसपास सदोष नग असले तरी तो सहसा पास होतो. सीलबंद पाकिटातल्या ग्लोव्हवरही डोळे झाकून विसंबता येत नाही.

छिद्रं सर्वांत जास्त पडतात ती उजव्या हाताने काम करणाऱ्या सर्जनच्या डाव्या तर्जनीवर. नीडल होल्डर (टाके घालताना सुई धरायचं अवजार) उजव्या हातात असतो आणि सुईचं टोक बाहेर आलं की डावं बोट आपोआप तिकडे जातं. सुई फोर्सेप्सनेच (चिमट्यानेच) पकडायची, ही सवय लावून घ्यावीच लागते. हाडाच्या कामात वायर आणि तुटलेल्या हाडाच्या कडा यांची भर पडते.

माझ्या मते खरा उपाय डबल ग्लोव्हिंग. ७ नंबर वापरणाऱ्याने आत ७.५ चा गडद रंगाचा आणि वर ७ चा फिकट ग्लोव्ह घालून पाहावा. वरच्याला छिद्र पडलं की ओल दोन थरांत शिरते आणि तिथे गडद डाग उमटतो. डाग दिसला की थांबायचं, वरचा काढायचा, आतला नीट तपासायचा. जागा कोरडी असेल तर मात्र डाग उमटत नाही, म्हणून लांबलेल्या केसमध्ये साधारण दीड तासाने वरचा ग्लोव्ह बदलावाच. सुरुवातीला बोटं जड वाटतात, पण हळूहळू हात सरावतो.

बोन सिमेंट, म्हणजे कृत्रिम सांधा हाडात बसवायचं सिमेंट, त्यातलं मिथाइल मेथाक्रायलेट हे रसायन लेटेक्समधून (ग्लोव्हच्या नैसर्गिक रबरातून) झिरपतं. सिमेंट हाताळताना वर आणखी एक जोडी घालून ती लगेच टाकून द्यावी. पेट्रोलियम जेलीने आणि खनिज तेलाने लेटेक्स कमकुवत होतं, म्हणून तेलकट हँडक्रीम लावून ग्लोव्ह घालू नये. हात निर्जंतुक करायचा अल्कोहोल रबही पूर्ण वाळू द्यावा.

साठवणीकडे फार दुर्लक्ष होतं. ऊन, उष्णता, ओझोन यांनी लेटेक्स आधी घडीवर चिरतं. घडीवर चिरा किंवा चिकटपणा दिसला, तर मुदत शिल्लक असली तरी ती बॅच वापरू नये.