मागच्या चाकाचा आऊट काढताना

सायकलच्या मागच्या चाकाचे स्पोक एकामागून एक तुटायला लागले, तेही डाव्या बाजूचेच आणि दरवेळी हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या, वाकणातच. नवा स्पोक घालून आऊट (फिरताना रिम डावी-उजवीकडे डुलते तो वाकडेपणा) काढून आणावा, चाक सरळ फिरावं, आणि काही दिवसांत शेजारचाच दुसरा टणकन जावा. शेवटी चाक खोलून स्वतःच बसायचं ठरवलं.

तुटलेला स्पोक आधी भिंगाखाली धरला. तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग गुळगुळीत आणि निस्तेज होता, फक्त एका कडेला खरखरीत, चमकदार पट्टी होती. गुळगुळीत भाग म्हणजे तडा हळूहळू सरकत गेल्याची खूण. उरलेल्या पट्टीला भार सोसला नाही, ती शेवटी एकदम तुटली. खड्ड्यात एकदाच आपटून तार गेली असती तर असं दिसलं नसतं. हा स्पोक थकून तुटला होता.

स्पोक खांबासारखे उभे राहून वजन पेलत नाहीत. दोन मिलिमीटरची तार दाबली तर वाकूनच जाईल. ते सगळे आधीपासून ताणलेले असतात. आपण सायकलवर बसलो की जमिनीला टेकलेल्या जागी रिम किंचित चपटी होते आणि तिथल्या मोजक्या स्पोकचा ताण उतरतो, बाकीच्यांचा जवळपास तसाच राहतो. म्हणजे दर फेऱ्याला प्रत्येक स्पोक एकदा सैलावतो आणि पुन्हा ताणला जातो. चाकाचा घेर २.१ मीटर धरला तर १००० किलोमीटरला असे पावणेपाच लाख फेरे होतात! स्पोक मुळातच ढिला असेल तर प्रत्येक फेऱ्यात तो पार सैल पडतो, वाकण हबच्या भोकात हलत राहतं आणि तडा तिथूनच सुरू होतो. जास्त ताणामुळे नाही, तर कमी ताणामुळे तार तुटते, ही मला या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

ताण मोजायचं मीटर जवळ नव्हतं, पण कान होते. एकाच बाजूचे, सारख्या लांबी-जाडीचे स्पोक बोटाने छेडत गेलो. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताण दुप्पट झाला की स्वर सा वरून तीव्र मध्यमापर्यंत चढतो. माझ्या चाकाच्या डाव्या बाजूला शेजारशेजारच्या काही तारांमध्ये जवळपास एवढंच अंतर निघालं. चाक डोळ्याला अगदी सरळ, आणि एका तारेवर शेजारणीच्या निम्माच ताण! आऊट निघाला म्हणजे चाक नीट झालं, असं नसतं.

(उजव्या आणि डाव्या बाजूचे स्वर मात्र एकमेकांशी जुळवायचे नाहीत. मागच्या हबवर उजवीकडे गिअरची चक्रं जागा खातात, म्हणून त्या बाजूचे स्पोक जास्त उभे बसतात आणि रिम मध्यावर ठेवायला त्यांना जास्त ताण लागतो.)

टायर-ट्यूब काढली, प्रत्येक निपलच्या (स्पोक रिमला आवळून धरणाऱ्या छोट्या नटाच्या) आट्यांवर तेलाचा थेंब सोडला आणि सगळे स्पोक सैल केले. मग व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरुवात करून प्रत्येक निपल अर्धा-अर्धा फेरा आवळत गोल फिरलो. ताण चढायला लागल्यावर पाव फेऱ्यावर आलो. स्पोकचे आटे इतके बारीक असतात की पाव फेऱ्यात तार जेमतेम ०.११ मिलिमीटर ओढली जाते, तरी रिम हललेली दिसते. निपल फिरवायची चावी मात्र घट्ट बसणारीच हवी, नाहीतर निपलचे कोपरे गोल होतात.

सायकल उलटी ठेवून ब्रेकच्या रबराला खूणकाटा केलं. रिम उजवीकडे घासली की तिथले उजवे थोडे सैल, डावे थोडे घट्ट. आवळायचं की सोडायचं हे ठरवण्याआधी दरवेळी तार छेडून बघायची, हा नियम काटेकोर पाळला. वेळ गेला तो इथेच. ताण चढला की निपलबरोबर तारही पिळते, म्हणून थोडं पुढे आवळून तेवढंच मागे यावं लागतं. रिम मध्यावर आहे का, ते चाक फ्रेममध्ये उलटं बसवून पाहिलं.

मग समांतर जाणाऱ्या तारांच्या जोड्या मुठीत धरून जोरात दाबल्या. कट्‌कट् आवाज करत तारा जागेवर बसल्या, पीळ सुटले आणि चाक पुन्हा जरासं आऊट झालं. ते सरळ केलं. ही पायरी अजिबात गाळू नये. हबपाशी तार तिच्या खऱ्या कोनात इथेच बसते.

थोडं चालवून झाल्यावर सगळ्या तारा पुन्हा छेडल्या. डाव्या बाजूच्या दोन उतरल्या होत्या, त्यांना पाव-पाव फेरा दिला. त्यानंतर मागच्या चाकाचा एकही स्पोक तुटलेला नाही.