सहा मीटर पाण्याखालचं गलबत

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, ह्युरॉन सरोवराच्या काठी असलेल्या टोबरमोरी गावाच्या बिग टब बंदरात ‘स्वीपस्टेक्स’ नावाचं दोन डोलकाठ्यांचं गलबत १८८५ पासून पाण्याखाली आहे. ते १८६७ साली ऑन्टारिओतल्याच बर्लिंग्टनमध्ये बांधलेलं, साधारण ३६ मीटर लांबीचं. कोव्ह बेटाजवळ त्याला मार बसला, ओढबोटीने बंदरात आणलं, पण दुरुस्ती व्हायच्या आत ते तळाला गेलं. त्यातला कोळसा काढून घेतला गेला, लाकूड तिथेच राहिलं. मला ते लाकूड जवळून बघायचं होतं.

हे मुद्दाम लिहितेय, कारण टोरांटो-मिसिसॉगाकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांनी तारकर्लीला किंवा अंदमानात स्कूबा केलेलं असतं. टोबरमोरी गाडीने चार तासांवर आहे आणि गलबत फक्त सहा मीटर खोल आहे. एवढं ऐकलं की “मग काय, जाऊया की!” असं वाटतं. जावंच. पण आधी तयारी करावी लागते, आणि ती तयारी का करायची हे कळलं की ती करायलाही मजा येते.

माझंही पहिलं शिक्षण तारकर्लीचं. तिथलं पाणी कोमट आणि खारं, अंगावर पातळ सूट. समुद्रात लाकडी जहाज बुडालं की शिपवर्म नावाचा किडा त्याचं लाकूड पोखरत जातो, आणि गाळात न पुरलेला भाग काही वर्षांत संपतो. गोव्याला ग्रांदे बेटापाशी डाइव्हर्स जहाजाचे जे अवशेष बघतात ते लोखंडी आहेत. शिपवर्म गोड्या पाण्यात जगत नाही. त्यात ह्युरॉन सरोवराचं पाणी बर्फासारखं थंड, त्यामुळे लाकूड कुजवणारे जिवाणूही मंदावतात. म्हणून दीडशे वर्षांपूर्वीच्या सुताराने बसवलेली फळी आजही जागच्या जागी दिसते. ज्या थंडीने गलबत राखलं, त्याच थंडीशी जुळवून घ्यायला डाइव्हरला शिकावं लागतं.

सुरुवात ड्रायसूटपासून केली. वेटसूटमध्ये पाणी शिरतं आणि अंगाच्या उबेने थोडं तापतं. ड्रायसूटमध्ये पाणी शिरतच नाही. मानेला आणि मनगटांना रबरी सील, आत लोकरीसारखे जाड कपडे, आणि छातीवरच्या झडपेतून सूटमध्ये हवा सोडायची सोय. खोल जाताना दाबाने सूट अंगाला आवळतो, तेव्हा थोडी हवा आत घ्यायची. वर येताना तीच हवा फुगते, ती दंडावरच्या झडपेतून सोडायची. हा सराव एका जुन्या दगडखाणीत साचलेल्या पाण्यात झाला. हवा पायांकडे गेली तर माणूस उलटा होऊन वर खेचला जातो. म्हणून गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची आणि हवा खांद्याकडे आणून सोडायची, हे पुन्हा पुन्हा करून घेतात. माझ्या प्रशिक्षकाचा यावर फार कटाक्ष होता आणि तो योग्यच होता.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. उथळ पाणी सोपं असतं हा समज ड्रायसूटमध्ये अगदी उलटा ठरतो. तीस मीटरवरून दोन मीटर वर आलं तर सूटमधली हवा साधारण ५ टक्के फुगते. सहा मीटरवरून चार मीटरवर आलं तर जवळजवळ १४ टक्के. म्हणजे स्वीपस्टेक्सच्या खोलीला स्थिर तरंगायला हात जास्त बसलेला लागतो. आणि तिथे स्थिर राहावंच लागतं, कारण खाली १८६७ चं लाकूड आहे.

मग पाण्याखाली राहायला अंगावर बांधायची वजनं. गोडं पाणी समुद्रापेक्षा हलकं, त्यामुळे ते आपल्याला कमी उचलतं. माणूस आणि सगळं सामान मिळून १०० किलो धरलं तर त्याच सूटमध्ये समुद्रापेक्षा साधारण अडीच किलो वजन कमी पुरतं. पण ड्रायसूटखालच्या कपड्यांत हवा भरपूर अडकते, म्हणून वजन वाढवावंही लागतं. तारकर्लीच्या वहीतला आकडा इथे उपयोगाचा नाही. सिलिंडर जवळजवळ रिकामा असताना, सूटमधली हवा सोडून, उथळ पाण्यात स्थिर राहता येतं का, हे बघूनच वजन ठरवायचं.

रेग्युलेटरचंही तसंच, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासापुरती तोंडात देणाऱ्या यंत्राचं. सिलिंडरमधली दाबलेली हवा बाहेर पडताना प्रसरण पावते आणि शून्याच्या खाली थंड होते. समुद्राचं पाणी उणे दोनच्या आसपास गोठतं, गोडं शून्यालाच. त्यामुळे आत बर्फ धरून रेग्युलेटर उघडाच राहायचा आणि हवा धो-धो वाहायची शक्यता इथे जास्त असते. थंड पाण्यासाठी सीलबंद केलेला रेग्युलेटर भाड्याने मिळतो, तोच घ्यावा. वाहत्या रेग्युलेटरमधून ओठांच्या कडेने श्वास घेत शांतपणे वर येण्याचा सरावही आधी करून ठेवावा.

शेवटी पाय. नेहमीसारखे वरखाली पाय मारले की तळाचा बारीक गाळ उठतो आणि मागून येणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून फ्रॉग किक, म्हणजे बेडकासारखे पाय मारणं, शिकले. पाण्याचा झोत मागे जातो, खाली नाही.

टोबरमोरीचा हा भाग ‘फॅदम फाइव्ह’ या राष्ट्रीय सागरी उद्यानात येतो. ते १९८७ मध्ये झालं, कॅनडातलं या प्रकारचं पहिलं. वीसहून जास्त बुडालेली जहाजं त्याच्या हद्दीत आहेत. उतरण्याआधी राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या पार्क्स कॅनडाकडे नोंदणी करावी लागते. बिग टबमध्ये काचेच्या तळाच्या प्रवासी बोटीही येतात, त्यामुळे त्यांच्या आणि डाइव्हर्सच्या वेळा वेगळ्या ठरवलेल्या असतात. आपली वेळ आधीच विचारून घ्यावी. आम्ही जूनच्या सुरुवातीला गेलो. पाणी थंड, पण गर्दी नव्हती.

माझी बडी, म्हणजे पाण्याखालची जोडीदार, मूळची सांगलीची, तिचं ड्रायसूटचं शिक्षण माझ्याच बरोबर झालेलं. किनाऱ्यावर एकमेकींच्या झडपा, हवा, वजनं तपासली आणि उतरलो. तोंडाची उघडी कातडी पहिली दोन मिनिटं झोंबते, मग बधिर होते. श्वास संथ होईपर्यंत थांबलो आणि मग पुढे निघालो.

आधी मागचा भाग आला, मोडलेला. तिथून कडेकडेने पुढे जात राहिलो तसा गलबताचा आकार भरत गेला. उजव्या बाजूचा कठडा शाबूत आहे. नाळेजवळच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, डेकवर नांगर ओढायचा रहाट तसाच उभा आहे. मला वाटायचं, बुडालेलं जहाज म्हणजे ढिगारा. पण इथे फळी फळीला कुठे भिडते, कुठे खिळा आहे, लाकडाची रेघ कुठे वळते, हे सगळं वाचता येतं. कोकणात पावसाळ्याआधी होड्या ओढून ठेवतात तेव्हा त्यांची बांधणी मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायचे. इथेही तशीच बघत राहिले.

गलबताच्या आत शिरायला मनाई आहे. त्याचं कारण ऐकलं तेव्हा मला फार पटलं. डाइव्हर आत गेला की त्याच्या श्वासाचे बुडबुडे डेकखाली अडकतात आणि डेक वर ढकलतात. पूर्वी लोक आत जायचे, वस्तूही उचलून न्यायचे. आता आतून आधार देऊन डेक सावरलेला आहे. म्हणून मी डेकच्या दारांवरून आत नजर टाकली, तीसुद्धा बाजूला तरंगत, बुडबुडे बाहेरच्या बाहेर जातील असं बघून. त्या क्षणी खाणीतला सगळा सराव कामी आला.

थोड्याच अंतरावर ‘सिटी ऑफ ग्रँड रॅपिड्स’ आहे. ती वाफेवर चालणारी बोट, १९०७ मध्ये जळून बुडालेली. तिच्यात तेवढं उरलेलं नाही, पण दोन्ही एकाच दिवसात बघता येतात आणि बघाव्यात.

पुढे ‘नायगरा २’ ही बुडालेली बोट करायची आहे. ती १९९९ मध्ये डाइव्हर्ससाठी मुद्दाम बुडवलेली. त्यासाठी अॅडव्हान्स्ड कोर्स घेतेय. ‘अरेबिया’ हे दुसरं बुडालेलं जहाज ३५ मीटरच्या आसपास खोल आणि कडक थंड, तिथे लोकांचे जीव गेले आहेत. तिची घाई करणार नाही.

आणखी एक काम राहतं, ते टाळू नये. झेब्रा आणि क्वागा शिंपले १९८० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल राखायला जहाजात भरलेल्या पाण्यातून) या सरोवरांत आले आणि बुडालेल्या लाकडावर थर करून बसतात. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, सामानातल्या ओलाव्यातून दुसऱ्या तळ्यात पोचतात. त्यामुळे घरी आल्यावर बीसीडी (हवा भरून तरंगायला मदत करणारं जाकीट) आतून-बाहेरून गरम पाण्याने धुतलं आणि दुसऱ्या तळ्यात नेण्याआधी सगळं सामान पूर्ण वाळवलं. सगळ्यात उशिरा वाळले ते बूट आणि हातमोजे. ते उलटे करूनच टांगा.