भिंतीचा रंग आणि सोयाबीनचं बी

अठरा वर्षं मी भिंतीसाठी काम केलं. रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात ॲक्रिलिक इमल्शन, म्हणजे पाण्यात पॉलिमरचे बारीक कण मिसळलेलं दुधासारखं द्रावण, बनतं आणि रंगवाले ते ड्रम भरभरून नेतात. मागच्या जूनमध्ये मालकांनी माझ्या टेबलावर लालभडक सोयाबीनची पुडी टाकली. "जालन्याची बियाण्याची पार्टी आहे. औषध आणि रंग बियाण्याला धरून ठेवेल असं पॉलिमर हवंय, पुढच्या खरिपाआधी. तुला काय, भिंतच आहे. फक्त गोल."

मलाही तसंच वाटलं, हे आधीच कबूल करतो.

मी वाशीम जिल्ह्यातला. लहानपणी पेरणीच्या आदल्या दिवशी अण्णा गोणपाटावर बी पसरून थायरम हे बुरशीनाशक चोळायचे आणि आम्हा पोरांना लांब बसवायचे. नुसती पावडर चोळली की निम्मी हाताला, निम्मी गोणपाटाला. कंपनीच्या बियाण्यात ती पोत्याच्या तळाशी साचते, नाहीतर पेरणी यंत्रातून धूळ होऊन उडते. २००८ साली जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात मक्याच्या बियाण्यावरचं क्लोथियानिडिन हे कीटकनाशक नीट चिकटलं नव्हतं. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेरणी यंत्रांनी त्याची धूळ आजूबाजूच्या फुलांवर फेकली आणि मधमाश्यांच्या हजारो वसाहती मेल्या. पॉलिमरचं काम एवढंच, की औषध दाण्यावर राहावं. रंग यासाठी, की ते बी कुणी चुकून दळायला किंवा शिजवायला घेऊ नये. 'खाण्यासाठी, जनावरांसाठी किंवा तेलासाठी वापरू नये' ही पाकिटावरची सूचना १९६८ च्या बियाणे नियमांपासूनची आहे.

पहिली चाचणी सांगायला लाज वाटते. वाशीच्या एपीएमसीतल्या दाणाबाजारातून पाच किलो सोयाबीन आणलं, रंगवलं, ओल्या कागदात गुंडाळलं. जेमतेम तीसेक टक्के उगवलं. मी पॉलिमर बदलत बसलो. आठवडाभराने सुचलं की न रंगवलेलंही लावून बघावं. तेही तेवढंच उगवलं! तेलासाठी विकायचा माल तो, मळणीत आणि चढउतारात आपटून आधीच अर्धमेला. बियाणं आणि धान्य यांत फरक असतो हे शेतकऱ्याच्या पोराला ऐरोलीत राहून विसरायला होतं.

मग जालन्याहून खरं बियाणं आलं. पद्धत त्यांचीच: चारशे दाणे, शंभर-शंभरच्या चार गुंडाळ्या, २५ अंश तापमान, पाचव्या दिवशी पहिली मोजणी आणि आठव्या दिवशी शेवटची. विकृत रोपं मोजायची नाहीत. कायद्याने सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते. साधं बी ८४ आलं, माझं ६१. रंग मात्र देखणा होता. पांढऱ्या रुमालावर घासला तरी डाग नाही, आणि आमचे मालक त्यावरच खूश.

त्या रात्री अण्णांना फोन केला. दाण्यांच्या साली सुरकुतून फाटतायत, एवढंच म्हणालो. पलीकडून प्रश्न आला, "पाणी किती घातलं?" किलोला वीस मिली घोळ, मी सांगितलं. "अरे बापू, सोयाबीनले पेरायच्या आंधी इतकं पाणी दाखवतेत काय?"

तिथे गाडं अडलं होतं. सोयाबीनची साल कागदासारखी पातळ. माझ्या घोळातलं पाणी हवेत उडायच्या आधी दाणाच पिऊन घ्यायचा, फुगायचा, आणि ड्रमात सुकताना आकसून साल तडकायची. भिंत पाणी प्यायली तर तिचं काही बिघडत नाही, म्हणून इतकी वर्षं मला हा प्रश्नच पडला नव्हता. घोळ वीस मिलीवरून आठवर आणला, इमल्शन घट्ट केलं, ओतण्याऐवजी बारीक फवारलं आणि हवा ४० अंशांच्या आत ठेवली. उगवण ७९ वर गेली.

तोवर जुलै उजाडला. ठाणे खाडीच्या काठची हवा म्हणजे पिळायचं बाकी ठेवलेलं फडकं. रंगवलेल्या बियांच्या पिशव्या पत्र्याच्या शेडमध्ये एकावर एक रचून वर वजन ठेवलं. पंधरा दिवसांनी पिशवी कापली तर आतून सोयाबीनची चिक्की निघाली. पॉलिमर मऊ होतं, ओल्या उष्म्यात दाणे एकमेकांना धरून बसले. पॉलिमर कडक केलं तर उलट त्रास: दाणे हलवले की टवके उडायचे आणि पुन्हा धूळच. मऊ आणि कडक कणांचं मिश्रण, थोडा टाल्क आणि अगदी किंचित मेण, यावर माझे तीन महिने गेले. मेण जरा वाढलं की उगवण एक-दोन दिवस मागे पडायची. भिंतीवर पाणी आत शिरू नये म्हणून आम्ही जीव टाकतो. इथे पेरल्यावर ते शिरायलाच हवं होतं.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा अण्णांनी आणखी एक काठी घातली. "वरून रायझोबियम लावलं तर चालते ना?" रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी करून पिकाला नत्र देणारे जिवाणू. बुरशीनाशक आधी, मग कीटकनाशक, जिवाणू सगळ्यात शेवटी, हा क्रम त्यांना तोंडपाठ. मी गप्प झालो. इमल्शन ड्रमात नासू नये म्हणून आम्ही त्यात जंतुनाशक घालतो, तेही सढळ हाताने. म्हणजे शेतकऱ्याने पैसे देऊन आणलेले जिवाणू माझ्या रंगावरच मरायचे. परत आल्यावर जंतुनाशकाचं प्रमाण जमेल तितकं उतरवलं, अमोनियाही काढला. माल लवकर खराब होईल म्हणून मालक कुरकुरले. त्यांना लहान ड्रमात भरायला लावलं.

मध्येच जालन्याहून विचारणा झाली, हे मायक्रोप्लास्टिक तर नाही? भाजीपाल्याचं बी ते युरोपला पाठवतात. तिकडे २०२३ मध्ये मायक्रोप्लास्टिकवर बंदीचा नियम झालाय आणि औषध लावलेल्या बियाण्याला ऑक्टोबर २०३१ पर्यंतची मुदत आहे. ॲक्रिलिक त्यात बसतंच, मी खरं ते कळवलं. स्टार्चवर वेगळं काम सुरू केलंय, पण ते अजून रुमालाला लागतं.

जानेवारीत सातवा नमुना पास झाला. उगवण ८१, धूळ त्यांच्या मर्यादेत, पिशवीत गठ्ठा नाही. मी ट्रान्सहार्बरच्या गाडीत उभा असताना त्यांच्या खरेदीवाल्या साहेबांचा फोन आला. अभिनंदन वगैरे झालं, मग म्हणाले, "फक्त लाल जरा गडद करा. दुकानात फिका दिसला की लोक म्हणतात औषध कमी मारलंय."

रंगद्रव्य वाढलं की धूळ वाढते. घणसोली येईपर्यंत मी त्यांना ते समजावत होतो.