ताट कुणी घासलं?

लेक पुण्याहून सुटीला आला की दुपारी सोफ्यावर आडवा होतो आणि पोटावर लॅपटॉप घेऊन सिनेमे बघतो. परवा मेक्सिकोतला एक लागला होता. 'नोसोत्रोस लोस नोब्लेस', २०१३ सालचा, गॅरी अलाझ्राकीचा. बोलणं स्पॅनिश, खाली इंग्रजी अक्षरं पळतायत. मी शेजारी भाजलेल्या दाण्यांची फोलपटं पाखडत होते, त्यामुळे निम्मी अक्षरं हुकली. पण गोष्ट अशी की हुकली तरी कळते.

बाप गडगंज, बायको वारलेली. तीन पोरं, तिन्ही लाडानं वाया गेलेली. एकाला धंद्याच्या अचाट कल्पना सुचतात, मुलगी पैशावर डोळा असलेल्या माणसाशी लग्न करायला निघालीय, आणि तिसऱ्याला कॉलेजानं काढून टाकलंय, का ते इथे सांगत नाही. बाप मग पोलिसांची खोटी धाड घडवून आणतो. आपण बुडालो, पळा, म्हणत पोरांना आजोबांच्या पडक्या घरात नेऊन टाकतो. एक पोरगा मिनीबस चालवायला लागतो, दुसरा बँकेत खिडकीवर बसतो, मुलगी हॉटेलात गिऱ्हाइकांच्या हातात ताटं देते. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

"आई, बाबांनी असं केलं तर?" लेकानं विचारलं.

आतून नवऱ्याचा आवाज आला, "गरिबीचं नाटक करायला आधी श्रीमंत असावं लागतं रे. आपल्यात डायरेक्ट खरा प्रयोग."

लेकानं मग मोबाइलवर शोधून सांगितलं, की या गोष्टीचं मूळ १९४९ सालच्या लुईस बुन्युएलच्या 'एल ग्रान कालाव्हेरा'त आहे. त्यात आधी घरचेच बापाला फसवतात. बाप दारुडा विधुर, पैसे उधळतोय. त्याला धक्का द्यायचा म्हणून सगळे मिळून गरीब झाल्याचं सोंग आणतात. बापाला ते कळतं आणि तो डाव त्यांच्यावरच उलटवतो. मला हे फार आवडलं. म्हाताऱ्यांनाही कुणीतरी धडा शिकवायला पाहिजे की.

तर अशा सिनेमांत माझी एक खोड आहे. लोक नायकाकडे बघतात, मी मोरीकडे बघते. पोरगा दिवसभर मिनीबस हाकून येतो, जेवतो, झोपतो. ते ताट कुणी घासलं? सकाळी डब्याची भाजी कुणी चिरली? दाखवलंही असेल, मी सूप आपटत होते. पण माझा अनुभव असा, की स्वतःच्या पायावर उभं राहायचं म्हटलं की माणूस थेट नोकरीला लागतो. मधलं स्वयंपाकघर कुणी ओलांडतच नाही.

आमच्या साताऱ्यात तरी असं व्हायला नको होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. १९२७ साली गांधीजी इथल्या बोर्डिंगात येऊन गेले. बोर्डिंगातल्या पोरांना उपाशी ठेवायचं नाही म्हणून भाऊरावांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. ही गोष्ट साताऱ्यात कुणालाही विचारा, सांगताना आवाज बदलतो.

माझे आजोबा, आप्पा, त्या बोर्डिंगातले. बोर्डिंग जिथे होतं त्या धनिणीच्या बागेचं नाव निघालं की खुर्चीत ताठ बसायचे. पाणी आम्ही ओढायचो, दळण आम्ही दळायचो, जात कुणी विचारायचं नाही, अण्णांचा, म्हणजे भाऊरावांचा, दरारा असा होता, तसा होता. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही चुलत-आते भावंडं जमलो की आप्पांची शिस्त सुरू. जेवण झालं की ज्यानं त्यानं आपलं ताट उचलायचं, मोरीत न्यायचं, राखेनं घासायचं आणि पालथं घालायचं. मुलगा-मुलगी भेद नाही. आत्याच्या लाडक्या मुंबईच्या पोरानं एकदा ताट तसंच सोडलं, तर रात्री त्याला त्याच खरकट्या ताटात वाढलं. पोरगं रडलं. आत्या फुगून बसली. आप्पा ढिम्म.

आणि हे भाषण चालू असताना आप्पांचं स्वतःचं ताट? ते आजी उचलायची. तेही इतक्या सवयीनं, की आम्हाला कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. आप्पांना चहा जागेवर. अंघोळीचं पाणी काढून, वर पंचा, टॉवेल नव्हे, पंचा. "अगं, चष्मा" म्हटलं की चष्मा. चष्मा कधीकधी त्यांच्याच खिशात असायचा. आजी तो खिशातून काढून हातात द्यायची. आम्ही आपले राख बोटांना लावून ताटं घासतोय आणि स्वावलंबनावर ऐकतोय.

आजी थंडीत गेली. तेराव्यानंतर माणसं पांगली आणि आप्पांजवळ कुणीतरी राहायचं म्हणून मला ठेवलं. मी कॉलेजात होते, स्वयंपाक यथातथाच. पहिल्याच सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरातून थापटल्याचा आवाज येत होता. आप्पा परातीशी बसले होते. ज्वारीची भाकरी हातावर फिरवत होते, कडेनं एकसारखी, मधे ना जाड ना पातळ. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आरावर धरली. टम्म फुगली. माझ्या आईची अशी फुगायची नाही.

"आप्पा, तुम्हाला येतं?"

"बोर्डिंगात रोज पन्नास-साठ थापायचो," ते म्हणाले. मान वर केली नाही.

येत होतं. लग्नाआधीपासून येत होतं. आजीच्या गुडघ्यांनी जवाब दिला होता तेव्हाही, ती भिंतीला धरून उठायची तेव्हाही. आजीला हे माहीत होतं का, ते मी विचारलं नाही, आणि तेव्हा सुचलंही नाही. मला तेव्हा त्यांचं कौतुकच वाटलं होतं. परवा लेकाशेजारी बसून फोलपटं पाखडताना पहिल्यांदा राग आला, चांगलाच, इतक्या वर्षांनी.

भाकरी मात्र झकास झाली होती. मी दोन खाल्ल्या.